टॅबलेटवरची सरळ रेघ

अ‍ॅपच्या म्हणण्याप्रमाणे आमची बोट तीन दिवस जमिनीवरून चालली होती.

ते अ‍ॅप समुद्रात शिडाच्या छोट्या बोटी चालवणाऱ्यांसाठी केलेलं. त्यात समुद्र निळा, किनारा पिवळा आणि कुठे पाणी किती खोल त्याचे बारीक आकडे. यवतमाळ जिल्हा मात्र सगळा पिवळा. पैनगंगेवर एवढं मोठं धरण आहे, पण त्याच्या जागी अ‍ॅपमध्ये पिवळ्या रंगाशिवाय काहीच नाही. आर्णीला मामांच्या ओट्यावर बसून मी ते पहिल्यांदा उघडलं तेव्हा मामा म्हणाले, "पाय जुई, याच्या हिशेबानं आपण कापसाच्या पऱ्हाटीत बोट घालून राह्यलो." त्यांना खूप हसू आलं. मला आलं नाही.

मामा वीस वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. परत आल्यावर त्यांनी आर्णीत मोटारी भरायचं दुकान टाकलं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना तारेचे नवे वेढे देत बसायचं, हे काम त्यांना आवडतं. पण समुद्र काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोव्याहून एक जुनी शिडाची बोट ट्रकमधून आणवली. दोन माणसांची, एका डोलकाठीची. ती गल्लीत उतरली तेव्हा शेजारी म्हणाले, "गणपती पाण्यात शिरवाले चांगली हाये."

मागच्या दिवाळीत मामांच्या छातीत दुखलं आणि नागपूरला त्यांच्या हृदयाच्या नळीत छल्ला, म्हणजे स्टेंट, टाकला. तेव्हापासून बोट गोणपाटाखाली होती. मार्चमध्ये त्यांनी जाहीर केलं की धरण या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन यायचं. मामींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी यवतमाळला मला फोन केला.

"तुले यंत्रातलं समजते," त्या म्हणाल्या. "त्याले आता तो बारीक नकाशा दिसत नाई. तू सोबत जा. अन् त्याले परत आण. बाकी मले काई नाई पायजे."

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून आमच्या घराण्यात कोणतंही यंत्र बंद पडलं की मला बोलावतात. नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं, आणि ते मला जमत नाही. मला पोहता येतं, पण जिथे पाय टेकतात तिथपर्यंतच. हेही मी कोणाला सांगितलं नाही.

निघताना मामींनी माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये एक छोटी डबी ठेवली. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. "त्याच्याजवळ नको देऊ, तुझ्याचजवळ ठेव."

धरणाच्या भिंतीजवळ

दिग्रस, पुसद अशी बोट टेम्पोवर बांधून आम्ही निघालो. पुसदच्या पुढे एका टपरीवर चहाला थांबलो, तर टेम्पोभोवती दहा-बारा माणसं जमली. एकाने बोटीच्या पोटावर टकटक करून पाहिलं. "लग्नाची हाये का?" त्याने विचारलं. नवरदेव बोटीतून आणणार असावेत, असा त्याचा समज. मामांनी गंभीरपणे सांगितलं, "हो. नवरी हेच," आणि बोटीकडे बोट दाखवलं.

दुपारनंतर बोट पाण्यात उतरवली. डोलकाठी उभी केली, शीड चढवलं, पोटातल्या फटीतून लांब फळी खाली सरकवली. ती फळी नसेल तर वारा बोटीला आडवं ढकलत नेतो, हे मामांनी मला पाचव्यांदा सांगितलं. मी टॅबलेट मांडीवर घेतला. पिवळ्या रंगावर मी धरणाचं उपग्रहाने काढलेलं चित्र चढवलं होतं आणि त्यावर आमच्या वाटेची रेघ आखली होती. एक निळा ठिपका त्या रेघेवरून सरकत होता. तो ठिपका म्हणजे मी आणि मामा.

खरं सांगायचं तर मी पाण्याकडे पाहिलंच नाही. ठिपक्याकडे पाहत राहिले. ठिपका चालतोय म्हणजे सगळं ठीक आहे. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची बोट सरळ जात नाही, नागमोडी जाते. त्यामुळे मागे उमटणारी रेघ एखाद्या नवशिक्याने मारलेल्या शिवणीसारखी दिसत होती. बोट कलली की मी टॅबलेट छातीशी धरत होते. मामा हसून म्हणाले, "त्याले कायले धरतं? बोटीले धर."

रात्री विश्रामगृहात वरण-भात आणि वांग्याची भाजी खाल्ली. मामींचा फोन आला. मामा म्हणाले, "आराम सुरू आहे." मी म्हणाले, "हो मामी."

टरबुजाच्या वेलांत

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा मऊ होता. दोन तासांत आम्ही इतके आत गेलो की भिंत दिसेनाशी झाली. चारही बाजूंना पाणी आणि दूर सागाच्या उघड्याबोडक्या टेकड्या. पाणकावळे एका खांबावर पंख वाळवत बसले होते. कशाचा खांब पाण्याच्या मधोमध असेल, असा विचार माझ्या मनात आला. मी विचारलं नाही.

जेवायला एका काठाला लागलो. मी उतरले तर पाय टरबुजाच्या वेलात पडला. टॅबलेटमध्ये मात्र आम्ही भर पाण्यात उभे होतो. माझं चित्र पावसाळ्यानंतरचं होतं, काठोकाठ भरलेल्या धरणाचं. उन्हाळ्याकडे पाणी मागे सरतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक पीक घेतात. गाळपेर म्हणतात तिला. आमच्या यवतमाळच्या घरी दर मार्चला टरबूज येतं, ते धरणाच्या तळात पिकलेलं असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

शेतावरचे काका आले. मी घाबरून वेलातून पाय काढला. त्यांनी स्क्रीनवरचा निळा ठिपका पाहिला आणि म्हणाले, "हे पाणी संक्रांतीलेच हटलं. मोबाईलले कोन सांगन?"

त्यांनी टरबूज गुडघ्यावर आपटून फोडलं. भाकरी, ठेचा आणि गरम टरबूज. आमच्याकडे टरबूज फ्रीजमध्ये ठेवल्याशिवाय कोणी खात नाही. ते कोमट असतानाच जास्त गोड लागतं, हे मी तिथे शिकले.

"कोन्या अंगानं जान?" काकांनी विचारलं.

मामांनी हात दाखवला.

"तांड्याकून नका जाऊ. झाडं हायेत."

"पाण्यात?"

"पाण्यातच तं. धरण भरलं तवा तोडली नाईत. पाणी उतरलं का वीतभर खाली असतात. दिसत नाईत."

मी टॅबलेट पुढे केला. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि एका जागी बोट टेकवलं. टरबुजाचा रस स्क्रीनवर लागला, नकाशा हलला. मी पुसून परत विचारलं. परत तीच जागा. मी तिथे लाल गोल काढला आणि आमची रेघ त्याच्यापासून दूर वळवली. मामा म्हणाले, "झालं. आता जुई सांगेल तसं."

हे वाक्य मला आवडलं होतं. ते मला अजून आठवतं.

झाडांत

एकच्या सुमारास टॅबलेट बंद पडला. काळी स्क्रीन, तिच्यावर थर्मामीटरचं चित्र आणि इंग्रजीत सूचना: थंड झाल्यावर वापरा. यवतमाळच्या उन्हात, काळ्या कव्हरमध्ये, मांडीवर. समुद्रावरच्या लोकांवर असा प्रसंग फारसा येत नसावा.

मग मी तेच केलं जे आमच्याकडचं कोणीही करेल. उन्हाळ्यात आम्ही डोकं ओल्या दुपट्ट्यात गुंडाळतो, पाण्याची बाटली ओल्या फडक्यात ठेवतो. मी दुपट्टा धरणात बुडवला, पिळला, टॅबलेट त्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. फोनही तापला होता, तोही त्याच्याशेजारी ठेवला. मामा म्हणाले, "शाबास."

वीस मिनिटांनी टॅबलेट सुरू झाला. नकाशा आला, रेघ आली, ठिपका आला. लाल गोल बराच दूर. मी सुटकेचा श्वास घेतला. वारा वाढला होता. मामा सुकाणू धरून कुठल्याशा बंदराची गोष्ट सांगत होते, तिथल्या आचाऱ्याने मिठाऐवजी कपड्याचा सोडा घातल्याची. गोष्ट सांगताना ते खूप दिवसांनी पूर्वीसारखे दिसत होते.

ठिपका करडा होता.

सकाळी निळा होता, की करडाच होता? मला आठवेना. मी टेकडीकडे पाहिलं. टेकडी डावीकडे असायला हवी होती. ती मागे होती. मी परत ठिपक्याकडे पाहिलं. तो रेघेवर होता, नेमका. इतका वेळ वारा असूनही तो जागचा हलला नव्हता, बंद पडण्याआधीचीच जागा दाखवत होता की काय. फोन काढला, तर चार टक्के. पॉवर बँक लावली, तर फोनच्या चार्जिंगच्या भोकात ओल गेली होती; तो चार्ज व्हायला तयार होईना. माझ्याच दुपट्ट्याची ओल.

बोलायला हवं होतं. "मामा, थांबा," एवढंच. पण माझं चुकत असेल तर? गोष्ट अर्धवट राहील, ते हसतील, आणि परत कोणी म्हणणार नाही की जुई सांगेल तसं. मी मनात ठरवलं, गोष्ट संपली की सांगते. आचारी अजून कॅप्टनपुढे उभा होता.

खालून खरवडल्याचा आवाज आला.

मग एक धक्का. बोट जागच्या जागी थांबली आणि एका अंगावर कलली, इतकी की माझा कोपर पाण्यात गेला. शिडाची आडवी काठी फडकन माझ्या डोक्यावरून गेली. तेव्हा मला दिसलं. आमच्या भोवती पाण्यातून काळ्या फांद्यांची टोकं वर आली होती, बोटाएवढी, हाताएवढी, आणि मधल्या पाण्यात आणखी बऱ्याच सावल्या होत्या. खालची फळी कुठल्यातरी खोडाच्या बेचक्यात अडकली होती. वारा शिडाला ढकलत होता आणि खोड फळीला सोडत नव्हतं. प्रत्येक झोताला बोट थोडी जास्त कलत होती.

"शीड उतरव!" मामा ओरडले. दोरी माझ्या हातून सुटेना. ते स्वतः पुढे आले, दोन्ही हातांनी शीड खाली ओढलं, एकदा, दोनदा, तीनदा. शीड पडलं. आणि मामा त्याच्यावरच बसले.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम. एक हात छातीवर नव्हता, पण छातीजवळ होता. तो त्यांनी मला पाहून खाली घेतला.

"काई नाई. धाप लागली."

मी डबी काढली. गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. फोनवर नेटवर्कची एकही रेघ नव्हती. समोरच्या टेकडीपाशी मोबाईलचा टॉवर मात्र स्पष्ट दिसत होता, लाल-पांढरा, अगदी जवळ.

लाइफ जॅकेटला शिटी असते. मी वाजवली. काठावर गुरं चारणाऱ्या कोणीतरी उलट शीळ घातली, हात हलवला, आणि गुरं घेऊन पुढे गेला.

मला आयुष्यात कधी ओरडता आलेलं नाही. शाळेत हजेरी देतानाही बाई दोनदा विचारायच्या. दूर पाण्यावर काहीतरी पांढरं हलत होतं. एक बाई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून फळकुटाने पाणी मारत चालली होती. "वाचवा" असं माझ्या तोंडून निघेना. निघालं ते असं, जसं आई गच्चीवरून भाजीवालीला हाक मारते:

"ओ बाईऽऽ! इकडं या वोऽऽ!"

स्वतःचा आवाज ऐकून मीच दचकले. परत मारली हाक. परत. तराफा वळला.

त्यांचं नाव सीताबाई, हे नंतर कळलं. साठीच्या आसपासच्या, हातभर चुडा, तराफ्यावर मासोळीचं जाळं. जवळ येऊन त्यांनी आधी मामांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बोटीकडे.

"इथं कायले आल्या वो? इथं तं आमचा तांडा हाये."

मी आजूबाजूला पाहिलं. फांद्या आणि पाणी.

"हे आंब्याचं झाड, तांड्याच्या नाईकाच्या दाराम्होरचं," त्या म्हणाल्या. "म्या लहान होती तवा पाडाच्या आंब्यासाठी याच्यावर चढून पडलती. तुम्ही बी त्याच्यातच अडकल्या."

त्यांनी बांबू बोटीखाली घातला, चाचपडलं. "तुमच्या नावेले खाली हे काय लांबडं?"

"फळी आहे," मी म्हणाले. "वर ओढता येते."

"मंग वढा ना."

इतकं साधं होतं. फळी वर ओढली की बोट सुटते, हे मामांनी मला पाचदा सांगितलेलं. मी फळीचं टोक धरलं, सीताबाईंनी बांबूने खोड दाबलं, आणि तिसऱ्या हिसक्याला फळी निसटली. बोट सरळ झाली. मी रडायला लागले. सीताबाईंनी दोरी तराफ्याला बांधली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "रडजो मंग. आदी वल्हं मार."

तांड्यावर

नवा तांडा काठापासून वर आहे. सीताबाईंच्या घरी मामांना बाजेवर झोपवलं. चहा आला, गूळ घातलेला, काळा. आमच्याकडे पाहुण्यांना दुधाशिवाय चहा दिला तर अपमान समजतात. तिथे मी दोन कप मागून घेतले. संध्याकाळी ज्वारीची भाकरी आणि झणझणीत मासोळी. सीताबाई त्यांच्या सुनेशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत होत्या, त्यातलं मला फक्त "छोरी" समजलं, कारण ती मी होते.

"दवाखान्यात जाऊ," मी मामांना म्हणाले. हळूच.

"आता बरं आहे मले."

"मामी..."

"तिले सांगायचं नाई." ते उठून बसले. रंग परत आला होता, पण आवाज खाली होता. "जुई, तिले समजलं तं बोट विकन ते. मंग मी दुकानात तारा गुंडाळत बसू मरेपर्यंत? काई झालं नाई. धाप लागली. सांगशील का?"

मी काही बोलले नाही. मामांनी त्याचा अर्थ "नाही" असा घेतला. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लोक नेहमी स्वतःला हवा तसा घेतात.

माझा फोन एव्हाना बंद पडला होता; रात्रभर मी त्यांच्या श्वासावर कान ठेवून होते.

चिंच आणि टॉवर

तिकडून मोठ्या रस्त्याला लागायला वाट धड नव्हती, आणि टेम्पो धरणाच्या भिंतीजवळ थांबलेला. सकाळी वारा पाठीवर होता. मी हट्ट केला, म्हणजे दोनदा म्हणाले, की सीताबाई बोटीत येत असतील तरच मी येईन. त्या आल्या. मामांना त्यांनी मधे बसवलं आणि सुकाणू मला धरायला लावलं.

टॅबलेट मी काढला. ठिपका निळा होता. सीताबाईंनी पाहिलं. "हे ऱ्हाऊ दे तिकडं. मांगं पाय."

मागे टेकडीच्या उतारावर एक एकटी चिंच आणि तिच्या मागे मोबाईलचा टॉवर.

"चिंच अन् टॉवर एकामांगं एक ठेव. टॉवर चिंचेच्या बाहेर निंघाला का समज, झाडात चालली. पयले टॉवर नव्हता तवा मंदिराचा कळस धरत होतो. आता हा उंच हाये."

काल ज्याने मला एक रेघभर नेटवर्क दिलं नाही, त्या टॉवरवर मी तासभर डोळे लावून बसले. मान दुखली. एकदा तो चिंचेच्या डावीकडून बारीकसा बाहेर डोकावला. मी वाट पाहिली नाही. "मामा, वाकडं जातंय!" मी जोरात म्हणाले आणि सुकाणू वळवलं. सीताबाई हसल्या. "म्हने हिले बोलता येत नाई."

झाडांच्या पुढे मोकळं पाणी लागलं तेव्हा त्या एका ओळखीच्या माणसाच्या तराफ्यावर उतरल्या. उतरताना मामांकडे हनुवटी करून त्यांनी मला विचारलं, "याच्या घरवालीले सांगशील ना?" मामा पाण्याकडे पाहत होते.

आर्णी

मामी ओट्यावर मशीन घेऊन बसल्या होत्या. त्या गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवतात. टेम्पो थांबला तसं त्यांनी पायडलवरून पाय काढला आणि मामांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आणलं," मी म्हणाले.

मामा हात-पाय धुऊन आले ते टॅबलेट घेऊनच. तीन दिवसांचा सगळा प्रवास त्यात उमटला होता. त्यांनी तो मामींच्या पुढ्यात ठेवला. "पाय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जुईनं नेलं."

मामींनी चष्मा खाली ओढला. पिवळ्या जमिनीवर चढवलेल्या धरणाच्या चित्रात आमची रेघ पसरली होती, वारा होता तशी, वळत, अडत, नागमोडी. ब्लाउजची शिवण तपासावी तशा त्या रेघेवरून बोट फिरवत गेल्या. एका जागी बोट थांबलं. टॅबलेट जिथे गोठला होता आणि जिथे पुन्हा जागा झाला, त्या दोन ठिपक्यांना त्याने स्वतःच जोडून टाकलं होतं. पट्टीने आखल्यासारखी रेघ, लाल गोलापासून दूर निघून थेट तांड्यापर्यंत.

"बाकी सारं वाकडंतिकडं," मामी म्हणाल्या. "इथंच काहून सरळ?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते मी इथे लिहीत नाही. बोट दारात उभी होती, तिच्या फळीवर आंब्याच्या सालीचा काळा ओरखडा होता. माझ्या पाऊचमध्ये डबी होती, तिच्यात एक गोळी कमी होती. मला भीती वाटत होती, झाडांत वाटली होती त्यापेक्षाही जास्त. तिथे निदान हाक ऐकणारं माणूस दूर होतं; इथे ते समोरच बसलं होतं.

मामी वाट पाहत होत्या. त्यांचं बोट त्या रेघेवरच होतं.

"मामी," मी म्हणाले, "पुसदला नाहीतर यवतमाळला, पण आत्ताच डॉक्टरकडे जायचंय. गाडीत बसा, इथं काय झालं ते वाटेत सांगते."